‘स्लॅम डंक’ : एका यशवाचक शब्दप्रयोगाचा उगम व अर्थविस्तार

प्रस्तावना :
क्रीडाक्षेत्रातील शब्द सामान्य व्यवहारात रूढ होणे ही भाषेतील नित्याची प्रक्रिया आहे. अमेरिकन इंग्रजीतील ‘स्लॅम डंक’ हा बोलीप्रयोग त्याचे ठळक उदाहरण होय. ‘हमखास यश’ हा त्याचा आजचा अर्थ. प्रस्तुत लेखात त्याच्या उगमाचा व अर्थविस्ताराचा मागोवा घेतला आहे.

उगम :
‘डंक’ हे क्रियापद पेन्सिल्वेनियातील जर्मन बोलीतून इंग्रजीत आले. पेयात खाद्यपदार्थ बुडवणे हा त्याचा मूळ अर्थ. बास्केटबॉलमध्ये १० फूट उंचीवरील कड्यात उडी मारून चेंडू वरून घालण्याच्या कृतीस हाच शब्द लागू झाला. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांत १९६७ ते १९७६ या काळात या कृतीवर बंदी होती. ‘आदळणे’ या अर्थाचा ‘स्लॅम’ शब्द जोडून संपूर्ण प्रयोग रूढ करण्याचे श्रेय लॉस एंजेलिस लेकर्स संघाचे समालोचक चिक हर्न यांना दिले जाते.

अर्थविस्तार :
दुरून फेकलेला चेंडू हुकू शकतो. येथे मात्र चेंडू कड्यापाशी पोहोचेपर्यंत हातातच असतो. त्यामुळे अपयशाची शक्यता अत्यल्प उरते. यातूनच लाक्षणिक अर्थ निर्माण झाला. मराठीत ‘हातचा मळ’ सुलभता दर्शवतो, तर ‘काळ्या दगडावरची रेघ’ निश्चिती. ‘स्लॅम डंक’मध्ये या दोन्ही छटा एकवटल्या आहेत.

तथापि, या निश्चितीचा धोका इराक युद्धाच्या संदर्भात उघड झाला. डिसेंबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासमोर सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी इराकमधील संहारक अस्त्रांविषयीच्या प्रतिपादनास ‘स्लॅम डंक’ म्हटल्याचे बॉब वुडवर्ड यांच्या ‘प्लॅन ऑफ अटॅक’ (२००४) या ग्रंथातून जगासमोर आले. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले; परंतु अस्त्रांचे अपेक्षित साठे सापडले नाहीत. आपले उद्गार अस्त्रांच्या अस्तित्वाविषयी नसून जनतेपुढील मांडणी अधिक प्रभावी करण्याविषयी होते, असे स्पष्टीकरण टेनेट यांनी २००७ मधील आत्मकथनात दिले.

निष्कर्ष :
मैदानावर चेंडू कड्यातून गेल्याचे सर्वांना दिसते. राजकीय निर्णयात मात्र तसा प्रत्यक्ष पुरावा आधी उपलब्ध नसतो. म्हणूनच यशाची ग्वाही देणारे असे शब्द पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे या शब्दप्रयोगाच्या प्रवासातून स्पष्ट होते.