काठ सर्वांचा, धक्का एकाचा

पाण्याची मालकी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार चर्चिला जातो. पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेची मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जलाशय कागदोपत्री सर्वांचा असला, तरी त्याच्या काठावरील सोयीच्या जागा मूठभरांनी अडविल्या, तर उरलेल्यांच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच होतो.

अमेरिकेतील तळ्यांकाठच्या वसाहतींत हा तंटा नौकांच्या धक्क्यांवरून होतो. काठाची पट्टी साऱ्या रहिवाशांची सामाईक. तिच्यावर नाव बांधण्याचा धक्का मात्र एकेकाचा खासगी. तो कोणी, कोठे व किती लांबीचा बांधावा, डागडुजीचा खर्च कोणी सोसावा आणि घर विकले म्हणजे धक्क्याचा हक्क कोणाकडे जावा, यावरून शेजारी शेजाऱ्याला न्यायालयात खेचतो. लासलगावच्या वाचकाला हा सुखवस्तूंचा कलह वाटेल. परंतु नावेच्या जागी पाण्याची मोटार आणि धक्क्याच्या जागी जॅकवेल ठेवून पाहिले, तर तोच प्रश्न निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी उभा असल्याचे दिसेल.

नांदूर मध्यमेश्वरचा काठ

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे ब्रिटिश अमदानीत बंधारा घातला गेला. तेथून निघणाऱ्या कालव्यांनी कोपरगाव-राहाता भागातील शेती उभी केली. कालांतराने बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणथळ तयार झाली. तिच्यावर पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये ती अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०१९ मध्ये रामसर यादीत समाविष्ट होऊन महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. लासलगाव, विंचूर आणि परिसरातील गावांची सोळागाव नळपाणी योजनाही याच जलाशयावर अवलंबून आहे. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या काठच्या गावांतील मासेमारांच्या होड्या, गुरांचे पाणवठे आणि द्राक्ष-ऊस-कांद्याच्या बागायतीचे पंप, या सर्वांना हवी आहे ती हीच एक किनार.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्वतःच्या पैशाने मोटार बसवून, मैलोगणती जलवाहिनी टाकून शेतापर्यंत पाणी नेणारा शेतकरी चोर नव्हे. अधिसूचित नदीतून वा जलाशयातून पाणी उचलण्यास १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमानुसार परवानगी लागते आणि ती घेऊनच अनेकांनी आपल्या बागा फुलविल्या. निफाडच्या द्राक्षांना आणि लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याला अशा उपशाचा मोठा आधार आहे. प्रश्न उपशाचा नाही. उपशाच्या जागेचा आहे.

पावसाळ्यात जलाशय तुडुंब असतो, तेव्हा काठावरील सर्व जागा सारख्याच. चैत्र-वैशाखात पाणी मागे सरकू लागले की फरक उघडा पडतो. ज्याची मोटार डोहाच्या तोंडाशी, त्याला अखेरपर्यंत पाणी मिळते. ज्याची उथळ बाजूस, त्याची मोटार कोरडी पडते. अशा दुर्मीळ जागेला जे जादा मोल येते, त्याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. रिकार्डोने तो सुपीक जमिनीच्या संदर्भात मांडला. डोहाकाठच्या दहा फुटांनाही तो तंतोतंत लागू पडतो. ही कमाई मोटारवाल्याच्या श्रमातून उपजलेली नसते. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या बंधाऱ्यातून आणि वरच्या धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनातून ती निर्माण होते. असे असता तिचा हिशेब कोठेच होत नाही.

हिशेब नसला की स्पर्धा सुरू होते. एकाने मोठी मोटार बसविली की दुसरा त्याहून मोठी बसवितो. एकाने पाइप पुढे सरकविला की दुसराही सरकवितो. प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते शहाणपणाचे, आणि सर्वांचे मिळून आत्मघाताचे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचे उदाहरण देऊन हीच शोकांतिका वर्णिली होती. त्यावर दोनच उपाय सांगितले जात: सामाईक वस्तू खासगी मालकीची करावी किंवा सरकारने दंडा हाती घ्यावा. काठाच्या बाबतीत पहिला उपाय म्हणजे बळकट असलेल्याला काठ देऊन टाकणे होय. दुसऱ्याचा अनुभव आपण नित्य घेतच आहोत.

विश्वस्ताचे कर्तव्य

सरकारची मालकी ही सावकाराची मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठची वनजमीन एका हॉटेलला भाडेपट्ट्याने दिली गेली होती. तो पट्टा रद्द करताना न्यायालयाने म्हटले, की नद्या, किनारे, वने यांचे सरकार केवळ विश्वस्त आहे. २०११ मध्ये पंजाबातील एका गावतळ्यावरील अतिक्रमणाच्या प्रकरणात न्यायालयाने सर्व राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. तत्त्व असे प्रस्थापित झाले खरे; पण शेकडो मैलांच्या काठावर रात्रंदिवस लक्ष ठेवील असा विश्वस्त कोणत्याही खात्याजवळ नाही. नियम कार्यालयात राहतो आणि मोटार काठावर चालते.

तिसरा मार्ग आहे, आणि तो शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामाईक पाणी, वने व मासेमारी यांचा अभ्यास करून दाखवून दिले, की वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले, स्वतः राखलेले नियम शतकानुशतके टिकू शकतात. या निष्कर्षाचा पुरावा नाशिक आणि धुळे जिल्ह्यांतच आहे. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असे. पीक ठरवून घेतले जाई. पाणी पाटकरी सोडी, शेतकरी स्वतः सोडीत नसे. तुटीच्या वर्षी पंच कोणता फड भिजवायचा ते ठरवीत आणि वर्षाकाठी पाट सर्वांनी मिळून साफ करावा लागे. पाटाच्या तोंडाशी शेत आहे म्हणून कोणाला जादा पाणी नव्हते.

अलीकडचे उदाहरण दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या सुमारास ओझर परिसरात पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घेणे, पट्टी संस्थेने वसूल करणे आणि शेवटच्या शेतकऱ्याला वाटा मिळवून देणे हे त्यांनी करून दाखविले. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांनी आपल्याकडे घेतले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने अशा संस्थांना कायदेशीर पाया दिला. परंतु या संस्था प्रामुख्याने कालव्याखालच्या लाभधारकांच्या. जलाशयाच्या काठावर पाणी उचलणारे, मासे धरणारे आणि पाणी पिणारे एकत्र बसतील अशी व्यवस्था मात्र अद्याप रुजलेली नाही.

काठासाठी नियम

अशा व्यवस्थेचे सूत्रही आपल्या महसुली परंपरेत आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन धरणग्रस्तांना व भूमिहीनांना हंगामापुरती दिली जाते. पाणी चढले की हक्क संपतो. काठावरील धक्का वा मोटार यांनाही हेच सूत्र लावावे. पहिले, काठावरील जागा विकली जाऊ नये. ठरावीक मुदतीचा परवाना असावा आणि शेत विकले तर तो आपोआप नव्या मालकाकडे न जाता संस्थेकडे परत यावा. दुसरे, काठाच्या लांबीनुसार व तळाच्या खोलीनुसार मोटारींची संख्या आणि क्षमता ठरावी. तिसरे, पिण्याच्या पाण्याचा उद्भव, होड्यांचा उतार, गुरांचा पाणवठा व पक्ष्यांचा विणीचा भाग आधी आखून घ्यावा आणि उरलेल्या काठाचेच वाटप व्हावे. चौथे, शुल्क जागेच्या मोलानुसार घ्यावे व ते गाळ काढण्यावर आणि काठाच्या देखभालीवर खर्च व्हावे. पाचवे, नियम मोडल्यास प्रथम समज, मग दंड, मग परवाना रद्द, अशी चढती शिक्षा असावी.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वाजवी आहे. अशा समितीत पुन्हा मोठे बागायतदारच बसतील, मग फरक काय पडला? त्याचे उत्तर लासलगावकरांना ठाऊक आहे. १९४७ मध्ये येथे बाजार समिती स्थापन झाली, तिच्या आवारात व्यापारी परवान्याने व्यवहार करतो आणि कांद्याची बोली सर्वांदेखत पुकारली जाते. भावाबद्दल तक्रारी आजही होतात. तरी बंद खोलीतल्या सौद्यापेक्षा उघड लिलाव बरा, हे कोणीही शेतकरी सांगेल. काठाचेही तसेच. कोणाची मोटार कोठे, किती अश्वशक्तीची, परवाना केव्हा संपतो, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आणि समितीत मासेमार, भूमिहीन व नळपाणी योजनेखालची गावे यांना निश्चित जागा मिळाल्या, तर मोठ्यांचे वर्चस्व एका दिवसात नाहीसे होणार नाही. पण ते लपूनही राहणार नाही.

उन्हाळ्यात लासलगावच्या नळाला किती दिवसांनी पाणी येते, याची चर्चा घरोघरी होते. ती चर्चा योजनेच्या पंपघरापर्यंत जाऊन थांबते. काठापर्यंत पोहोचत नाही. ज्या काठावरून आपले पाणी येते, तेथे कोणाला किती जागा आहे आणि कोणत्या अटीवर आहे, हे विचारण्याचा अधिकार ओंजळभर पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे. तो बजावण्यास पुढचा दुष्काळ येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.