समुद्रावांचून खाडी

नांदगांव हें रेल्वेच्या हमरस्त्यावरचें गांव असलें, तरी पाण्याच्या वाटेवरचें नव्हे. सह्याद्रीवर आदळून मोकळे झालेले ढग येथवर पोंचतात ते बहुधा रिते होऊनच. अशा गांवांतील एखाद्या कुटुंबानें सुटीचा एक दिवस खाडीकांठीं घालवावयाचें मनांत आणलें, म्हणजे पांखरें पाहावीं, मासेमारी पाहावी, रात्रीं उघड्यावर निजावें असा बेत केला, तर त्याला प्रथम मुंबईची गाडी आठवेल. परंतु श्रोतेहो, इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. मनमाड आणि लासलगांव ओलांडून निफाडला उतरावें. तेथून थोड्याच अंतरावर, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशीं, नांदूर-मध्यमेश्वर येथें आपल्याच जिल्ह्यांत एक खाडी आहे. तिला समुद्र तेवढा नाहीं.

ही खाडी निसर्गानें केलेली नाहीं. १९०७ नंतरच्या चार-सहा वर्षांत येथें गोदावरीवर दगडी बंधारा घालण्यांत आला. त्याचा हेतु पाणी सांठविण्यापेक्षां तें वळविण्याचा होता. नदीच्या वरच्या अंगास दारणा, गंगापूर अशीं खोल धरणें आहेत. त्यांतून सोडलेलें पाणी पात्रांतून वाहत येथें येतें आणि बंधाऱ्याशीं अडून डाव्या व उजव्या कालव्यांनीं येवला, कोपरगांव, राहाता या बाजूंच्या शेतांकडे जातें. आतां, वाहतें पाणी थबकलें कीं त्याच्या अंगीं माती वाहून नेण्याचें बळ उरत नाहीं. ती तळाशीं बसते. शंभराहून अधिक पावसाळे ही क्रिया येथें चालू आहे. त्यामुळें जलाशय उथळ झाला, जागोजाग बेटें वर आलीं आणि त्यांवर पाणकणीस माजलें. स्थापत्याच्या हिशेबांत जें नुकसान, तेंच पांखरांच्या हिशेबांत भांडवल ठरलें. १९८६ सालीं या परिसरास पक्षी-अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढें, इराणांतील रामसर गांवीं १९७१ सालीं झालेल्या करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी ठेवली जाते, तींत महाराष्ट्रांतील पहिली जागा म्हणून याच ठिकाणाचें नांव २०२० च्या आरंभीं जाहीर झालें. त्याच यादींत २०२२ मध्यें ठाण्याची खाडी आली.

या दोहोंची तुलना बोधप्रद आहे. ठाण्याच्या खाडींत दिवसांतून दोन वेळां ओहोटी येते, चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्ष्यांचें ताट वाढलें जातें. नांदूर-मध्यमेश्वरास चंद्राची आज्ञा चालत नाहीं. येथें चालते पाटबंधारे खात्याची. कालव्यांचें आवर्तन सुटलें कीं पाणी चढतें-उतरतें. पातळी उतरली म्हणजे कांठचा चिखल उघडा पडतो आणि त्यांतील किडे, शिंपले वेंचावयास लांब पायांचे पक्षी धांवतात. पाणी चढलें म्हणजे बदकांना पोहावयास अंगण मिळतें. तेव्हां जाण्यापूर्वीं आवर्तनाची चौकशी करावी. खाडीवर जाणारा मनुष्य भरतीची वेळ विचारतो, तसेंच हें आहे.

काळ निवडावयाचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ उजाडतांची. चापडगांवच्या बाजूस निरीक्षणासाठीं मनोरे आहेत. सूर्य पाठीशीं राहील अशा बेतानें बसावें, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि दुर्बीण जवळ असावी. पक्ष्यांचीं नांवें पाठ नसलीं तरी बिघडत नाहीं; आरंभ चोंचीपासून करावा, कारण चोंच पाहिली कीं आहार कळतो. थापट्या बदकाची चोंच पुढें पसरट असून तिच्या कडांना बारीक दांते असतात. पाणी तोंडांत घेऊन तो तें गाळून टाकतो आणि सूक्ष्म जीव मागें ठेवतो. दर्वीमुख आपली पळीसारखी चोंच अर्धवट उघडी ठेवून पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवतो. भक्ष्य लागतांच ती मिटते. शेकाट्याची सुईसारखी चोंच चिखल टोंचण्यासाठीं. काळ्या अंगाचा, कपाळीं पांढरा टिळा ल्यालेला वारकरी पाणवनस्पतींवर जगतो. कमळपक्ष्याचीं बोटें इतकीं लांब कीं तो तरंगत्या पानांवरून सहज चालत जातो. एकाच पाण्यावर इतकीं बिऱ्हाडें सुखानें नांदतात याचें कारण हेंच: प्रत्येकाचें भांडें निराळें आणि प्रत्येकाची खोली ठरलेली.

या पाहुण्यांत पट्टकादंब नांवाचा राजहंस विशेष आदरास पात्र आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी तिबेट, लडाख, मंगोलिया या प्रदेशांत वीण करतो आणि हिंवाळ्यांत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याच्या अंगावर लहानसें यंत्र बसवून केलेल्या निरीक्षणांत तो सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेल्याचें आढळलें आहे. तेथील विरळ हवेंत मनुष्यास चालणेंही जड जातें. या पक्ष्याचें रक्त प्राणवायु अधिक घट्ट धरतें, आणि म्हणूनच त्याला तेथें उडतां येतें.

दुपारीं पक्षी विसांवतात. तेव्हां माशांचा विचार करावा. अभयारण्यांत गळ टाकण्याचा मोह आवरावा, कारण अनुज्ञेवांचून तो अपराध आहे. मासेमारी पाहावयाची तर नांदगांव तालुक्यांतलेंच गिरणा धरण जवळ आहे. रोहू, कटला, मृगळ हे तेथील पाण्याचे मासे निजल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांना पुराचें वाहतें पाणी हवें असतें. म्हणून पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतून गोळा करावें लागे. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोंचून बंदिस्त तळ्यांतही त्यांची वीण घडवून दाखविली. आज धरणांत सोडलें जाणारें बीज या शोधाचेंच फळ आहे.

रात्रीं मुक्काम करावयाचा असल्यास तो पाण्याच्या कांठीं नसावा. बदकांच्या कित्येक जाती दिवसा विसांवतात आणि अंधार पडल्यावर चरावयास निघतात. कांठीं पेटविलेली शेकोटी किंवा बत्तीचा झोत म्हणजे त्यांच्या जेवणाच्या पंक्तींत घातलेला दगड होय. आगाऊ परवानगी घेऊन वनखात्याच्या निवासांत अथवा गांवांत एखाद्याच्या मळ्यांत उतरावें. डोक्यावरून जाणाऱ्या पंखांचा सळसळाट तेथूनही ऐकूं येतो.

आतां जी गोष्ट सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं, ती सांगतों. या पाण्यावर एकट्या पांखरांचा हक्क नाहीं. कालव्याच्या शेवटच्या टोंकावरचा शेतकरी त्याचीच वाट पाहत असतो. भोयाचें पोट त्यावर आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास चांदोरी आणि सायखेडा हीं गांवें आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत गोदावरीचें पाणी त्यांच्या बाजारपेठांत शिरलें होतें. गाळ काढा, असें तेथील मनुष्य म्हणतो तेव्हां तो अरसिक नसतो. त्याचें घर भिजलेलें असतें. उलट, सर्व गाळ उपसून तळ खोल केला, तर शेकाट्या आणि दर्वीमुख यांचें पान वाढणार कोठें? त्यांत शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पात्र झांकून टाकते. ती तर कोणाच्याच उपयोगाची नाहीं.

उभय पक्षांचें म्हणणें खरें असतां निवाडा कठीण होतो. परंतु मार्ग अगदींच बंद नाहीं. मुख्य प्रवाहाची वाट मोकळी ठेवून कांठचीं उथळें राखणें, आवर्तनाच्या वेळा ठरवितांना पांखरांच्या हंगामाचाही विचार करणें आणि शहराचें सांडपाणी शुद्ध केल्यावांचून नदींत न सोडणें, या गोष्टी मनुष्याच्या हातच्या आहेत. त्यांतील शेवटची तर पांखरें, शेतकरी आणि भोई या तिघांच्याही हिताची आहे, आणि तिची जबाबदारी आपणां शहरवासीयांवर येते. नदींत आपण जें सोडतों, तें खालीं कोणाच्या तरी दारीं पोंचतें. नांदूर-मध्यमेश्वरास गेल्यावर पांखरें पाहून झालीं म्हणजे घटकाभर पाण्याकडेही पाहावें.