सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याची गावे

उच्च शिक्षण देणारी संस्था ज्या भूमीवर उभी असते, त्या भूमीवरील माणसांशी तिचे नाते कोणत्या स्वरूपाचे असावे, या प्रश्नाला वर्धा जिल्ह्याइतका दीर्घ इतिहास महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र असेल. वर्धा शहराला लागून वाढलेली बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे ही गावे आणि शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेवाग्राम एवढ्या लहान टापूत दोन वैद्यकीय महाविद्यालये, १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि मगनवाडीतील ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था अशी अनेक विद्याकेंद्रे आहेत. त्यांपैकी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने गावाशी असलेले नाते अभ्यासक्रमाबाहेरचा सेवाभावी उपक्रम न मानता अभ्यासक्रमाचाच भाग मानले, आणि म्हणून विद्यापीठीय शिक्षण व स्थानिक समाज यांच्या भागीदारीचा विचार करताना तिचे उदाहरण सविस्तर तपासण्याजोगे ठरते.

या संस्थेची मुळे महाविद्यालयाच्या स्थापनेच्या बरीच आधीची आहेत. महात्मा गांधी १९३६ साली शेगाव या खेड्यात राहावयास आले, १९४० साली त्या खेड्याला सेवाग्राम हे नाव मिळाले, आणि दरम्यान १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगाच्या आधारे सर्व विषय शिकविण्याची पद्धती, आकाराला आली. कस्तुरबा गांधी यांचे १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत निधन झाल्यानंतर त्यांचे नाव धारण करणारे रुग्णालय सेवाग्रामात सुरू झाले व त्याची जबाबदारी डॉ. सुशीला नायर यांच्याकडे आली. १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री असलेल्या नायर यांना शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात टिकत नाही, ही अडचण शासनाच्या बाजूनेही दिसली होती. १९६४ साली कस्तुरबा हेल्थ सोसायटी नोंदविली गेली आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ६० विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीसह देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ही संस्था सुरू झाली. तिच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारने, एक चतुर्थांश राज्य सरकारने आणि उरलेला एक चतुर्थांश सोसायटीने उचलावा, अशी व्यवस्था ठरली.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनाही सुरू झाली. दोन्ही उपक्रमांची प्रेरणा एकच असली, तरी त्यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. सेवा योजनेत विद्यार्थी स्वेच्छेने नाव नोंदवितो आणि शिबिर आटोपले की त्याच्या मुख्य अभ्यासाकडे परततो. सेवाग्रामात मात्र गाव हेच मुख्य अभ्यासाचे एक स्थळ झाले. प्रवेशासाठी देशपातळीवरील समान परीक्षा लागू होईपर्यंत येथील प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. प्रवेश मिळालेला विद्यार्थी आरंभीचे पंधरा दिवस आश्रमात राहून सूतकताई, श्रमदान आणि सर्वधर्म प्रार्थना यांचा परिचय करून घेतो, खादी वापरतो, आणि त्यानंतर त्याची संपूर्ण तुकडी एका निवडलेल्या गावात पंधरा दिवसांच्या सामाजिक सेवा शिबिरासाठी मुक्कामाला जाते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्या गावातील काही कुटुंबे सोपविली जातात आणि शिबिर संपल्यावरही पुढील वर्षांत ठरावीक अंतराने त्याच कुटुंबांकडे जाऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा घेणे त्याच्यावर बंधनकारक असते.

या शिबिरातील आहार सर्वेक्षण जवळून पाहिले असता त्याचे शैक्षणिक मोल ध्यानात येते. मागील चोवीस तासांत घरात काय शिजले, हे विचारून त्यावरून प्रत्येक व्यक्तीला मिळालेली ऊर्जा व प्रथिने काढणे, ही पोषणशास्त्रातील रूढ पद्धत आहे. परंतु ती अमलात आणण्यासाठी किती पीठ मळले, त्याच्या किती भाकरी झाल्या, वरणात डाळ किती नि पाणी किती, वाटी केवढी आणि घरातील बाई शेवटी जेवायला बसली तेव्हा भांड्यात काय उरले होते, हे सगळे चुलीजवळ बसूनच विचारावे लागते. प्रयोगशाळेत रक्तातील हिमोग्लोबिनचा आकडा कमी आला की विद्यार्थी लोहाच्या गोळ्या सुचवितो. त्या घरात बसल्यावर त्या आकड्यामागील जेवणाचा क्रम, मजुरीचे दिवस आणि लागोपाठची बाळंतपणे त्याला दिसू लागतात. अशा भेटींत माहिती देणारी ती गृहिणी असते आणि शिकणारा भावी डॉक्टर असतो, त्यामुळे रुग्णालयात डॉक्टर व रुग्ण यांच्यात जी उतरंड सहज तयार होते, ती येथे काही काळ तरी उलटी होते.

तथापि विद्यार्थ्याला शिकावयास मिळाले, एवढ्याने भागीदारी सिद्ध होत नाही, कारण गावाला केवळ अभ्यासाचे साधन बनवूनही विद्यार्थी चांगला शिकू शकतो. गावाच्या हाती काही अधिकार येतो की नाही, ही खरी कसोटी होय, आणि तिचे उत्तर संस्थेने १९८० च्या दशकात आकाराला आणलेल्या ज्वारी आरोग्य विमा योजनेत सापडते. वैद्यकशास्त्र विभागातील डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने चाललेल्या या योजनेत गावकरी सुगीच्या वेळी, म्हणजे घरात धान्य असताना, विम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपाने भरीत. हप्ता आजाराच्या जोखमीवर ठरत नसे. भूमिहीन मजुराने थोडे द्यावे आणि शेतकऱ्याने आपल्या जमिनीच्या प्रमाणात अधिक द्यावे, मात्र उपचार सर्वांना सारखा मिळावा, असे तिचे तत्त्व होते. गावातील मोठ्या संख्येने कुटुंबे सामील झाल्याशिवाय गाव योजनेत घेतले जात नसे, त्यामुळे सामील व्हायचे की नाही याची चर्चा रुग्णालयात न होता गावाच्या सभेत होई. जमलेल्या धान्यातून गावातील आरोग्य कार्यकर्त्याच्या कामाचा व प्राथमिक औषधांचा खर्च निघे, आणि मोठ्या आजारात गावकऱ्याला कस्तुरबा रुग्णालयाचा आधार मिळे.

आर्थिकदृष्ट्या पाहता त्या ज्वारीतून रुग्णालयाचा खर्च भरून निघणे शक्य नव्हते, आणि तसा दावाही नव्हता. परंतु हप्ता भरणारा गावकरी उपकृत राहत नाही, तो जाब विचारू शकतो. डॉक्टर गावात ठरल्या दिवशी आला नाही किंवा रुग्णालयात उद्धट वागणूक मिळाली, तर पुढील सुगीला ज्वारी न देण्याचा पर्याय त्याच्यापाशी असतो. धर्मादाय सेवेत लाभार्थ्याला असा नकाराधिकार नसतो, आणि म्हणून ती कितीही उदार असली, तरी तिला भागीदारी म्हणता येत नाही. पुढे सामुदायिक वैद्यक विभागाने, म्हणजे व्यक्तीऐवजी संपूर्ण लोकसमूहाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या विभागाने, बचत गट आणि ग्राम समन्वय समित्या यांच्या मार्फत काम केले, तसेच किशोरवयीन मुलींच्या किशोरी पंचायती उभ्या केल्या, त्यामागेही निर्णयाची जागा गावात राहावी हाच विचार दिसतो.

या रचनेला काळाच्या मर्यादाही पडल्या. विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटून कापूस आणि सोयाबीन वाढले, तेव्हा धान्याच्या हप्त्याचा मूळ आधार सैल झाला आणि वर्गणी रोख स्वरूपात येऊ लागली. २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती आली, आणि राज्य शासनाच्या जनआरोग्य योजनेमुळे अनेक शस्त्रक्रिया वर्गणीविना होऊ लागल्या. गरिबाला त्याचा लाभ निश्चित झाला, परंतु गावाने एकत्र बसून अटी ठरविण्याची निकड त्यामुळे कमी झाली. दुसरीकडे सेवाग्रामच्या पद्धतीशी साम्य असणारा कुटुंब दत्तक कार्यक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या सुमारास देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांना लागू केला. त्यात विद्यार्थ्याने कुटुंबाकडे जाण्याची सक्ती आहे, पण कुटुंबाने किंवा गावाने महाविद्यालयाकडून काही मागण्याची यंत्रणा तितकी स्पष्ट नाही, आणि मग भेटींची नोंदवही भरली की कार्यक्रम पूर्ण झाला, असे मानण्याचा धोका उरतो.

बोरगाव मेघेसारख्या वस्तीत हा प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. जनगणनेच्या परिभाषेत ती जनगणना नगर आहे, म्हणजे लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्यत्वे काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत, या तीन निकषांवर ती शहरी ठरते, पण तिला नगरपालिका नसते. अशा वस्तीत सुगी हा सर्वांचा समान हंगाम राहत नाही, भाडेकरू कुटुंबे बदलत राहतात, आणि कोणाची जमीन किती यावरून कोणाची ऐपत किती हे ठरविता येत नाही. त्यामुळे खेड्यासाठी घडविलेली रचना येथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही; ग्रामसभेऐवजी बचत गट, अंगणवाडी किंवा घरबांधणी मजुरांचा गट हा कराराचा दुसरा पक्ष मानावा लागेल, आणि सांडपाणी, मधुमेह, रक्तदाब यांसारखे विषय त्या गटाने पुढे ठेवावे लागतील. सेवाग्रामच्या अनुभवातून नव्या संस्थांनी घ्यावयाची गोष्ट ज्वारी किंवा खादी नसून तिच्या मुळाशी असलेली अट आहे : ज्या समाजाकडून विद्यापीठ ज्ञान घेते, त्या समाजाला सहकार्याच्या अटी ठरविण्याचा, हिशेब मागण्याचा आणि प्रसंगी सहकार्य नाकारण्याचा अधिकार करारातच दिलेला असावा.