विमानाखालच्या माणसाला वाली कोण?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. विमान अपघातात कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाला मात्र ती चढण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तेथे त्याची गाठ बलाढ्य कंपन्यांशी पडते. म्हणूनच वारसांनी एकत्र येऊन लढण्याचा मार्ग पुढे आला. परंतु केवळ एकजुटीने न्याय मिळतो काय?

1 जानेवारी 1978 रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान वांद्र्यानजीक समुद्रात कोसळले; 213 जण मृत्युमुखी पडले. वारसांचे दावे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या संघीय न्यायालयात एकत्रितपणे चालले. विमान व त्यातील उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांनी निष्काळजीपणा केला, हे त्यांचे म्हणणे न्यायाधीश फिट्झजेराल्ड यांनी 1985 साली फेटाळले. एकजूट होती, पण कसूर सिद्ध करण्याचे ओझे वारसांच्याच शिरावर होते. घोडे पेंड खाल्ले ते तेथे.

भारताने 2009 साली स्वीकारलेल्या माँट्रियल कराराने आंतरराष्ट्रीय प्रवाशांपुरते हे ओझे उतरविले. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भरपाईसाठी विमान कंपनीची कसूर दाखवावी लागत नाही. त्यापुढे आपण निर्दोष आहोत हे कंपनीनेच सिद्ध करावयाचे असते.

तथापि जो प्रवासीच नव्हे, त्याचे काय? भांडुपहून तिसरे स्थानक घाटकोपर. तेथे 28 जून 2018 रोजी एक छोटे विमान भर वस्तीत कोसळले आणि विमानातील चौघांबरोबर रस्त्याने जाणारा एक पादचारीही प्राणास मुकला. अहमदाबादेत 12 जून 2025 रोजी विमानातील 241 जणांखेरीज जमिनीवरील 19 जणांचा बळी गेला. माँट्रियल करार प्रवासी, सामान आणि माल यांविषयी बोलतो. ह्या माणसांविषयी तो मूक आहे. त्यांच्या वारसांना 1855 च्या घातक अपघात अधिनियमासारख्या जुन्या कायद्याचा आधार शोधावा लागतो, आणि तेथे पुन्हा दुसऱ्याची कसूर सिद्ध करणे आलेच.

भांडुपच्या रस्त्यावर मोटारीखाली कोणी दगावला, तर मोटार वाहन कायद्याच्या 164 व्या कलमान्वये कसूर सिद्ध न करताही वारसांना पाच लाख रुपये मागता येतात. मोटारीला जो न्याय, तो विमानाला का नसावा? विमानात बसलेल्याने निदान तिकीट काढलेले असते, धोका पत्करलेला असतो. खालून चालणाऱ्याने काहीच पत्करलेले नसते. कायद्याने प्रथम त्याच्या पाठीशी उभे राहावयास हवे. आज तो सर्वांत शेवटी उभा आहे.