गोठ्यातली धूळ आणि बाळदमा

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्युटियस यांना एक दुर्मीळ संधी मिळाली. वंश एकच, भाषा एकच, पण चाळीस वर्षं दोन वेगळ्या राजवटींत राहिलेले लोक आता शेजारी शेजारी तपासता येणार होते. पूर्वेकडच्या लाइपझिग आणि हाले या शहरांची हवा कोळशाच्या धुराने काळवंडलेली होती. म्युनिक त्या मानाने स्वच्छ. प्रदूषणाने दमा होतो, असा तेव्हाचा पक्का समज. त्यामुळे पूर्वेकडच्या मुलांना दमा जास्त असणार, हे गृहीतच होतं.

झालं उलटंच. खोकला, ब्राँकायटिस पूर्वेकडे जास्त होता. दमा मात्र म्युनिककडे अधिक. त्वचेवर टोचून केलेल्या ॲलर्जीच्या चाचण्याही पूर्वेकडच्या मुलांत निम्म्याच प्रमाणात ‘पॉझिटिव्ह’ आल्या. स्वतःच्या अंदाजाला छेद देणारे हे आकडे फॉन म्युटियस यांनी जसेच्या तसे छापले. या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. दमा कशाने होतो, या प्रश्नाशेजारी आता दुसरा प्रश्न उभा राहिला: काही मुलं त्यापासून वाचतात कशी?

त्याचा माग काढत संशोधक आल्प्सच्या पायथ्याच्या गोठ्यांपर्यंत पोचले. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्रामीण मुलांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या पहिल्याच वर्षी गोठ्यात वावरलेल्या आणि घरच्या गाईंचं दूध प्यायलेल्या मुलांत दम्याचं प्रमाण १ टक्का होतं. हाच संपर्क एक ते पाच वर्षांच्या दरम्यान आला, त्यांच्यात ११ टक्के. म्हणजे जे काही घडतं ते फार लवकर घडतं.

पण नेमकं काय घडतं? याचं सर्वांत सुंदर उत्तर २०१६ मध्ये अमेरिकेतून आलं. इंडियानातले अमिश आणि साउथ डाकोटातले हटराइट हे दोन्ही समाज मूळचे मध्य युरोपातले, शेतीवर जगणारे, भरपूर मुलांचे. दोघांकडे मुलांचं लसीकरण नीट होतं, तंबाखूचा धूर जवळजवळ नाही. फरक शेतीच्या पद्धतीत. अमिशांचा गोठा घराला लागून, कामाला घोडे, आणि मुलं तान्ही असल्यापासून तिथेच खेळतात. हटराइटांची शेती यांत्रिक, सामुदायिक आणि घरापासून दूर. शाळकरी मुलांतला दमा अमिशांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१.

संशोधकांनी दोन्हींकडच्या घरांतली धूळ गोळा केली, तिचा अर्क काढला आणि उंदरांच्या नाकात थेंब थेंब सोडला. या उंदरांत अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी मुद्दाम निर्माण केली जात होती. अमिश धूळ मिळालेल्या उंदरांच्या श्वासनलिका शांत राहिल्या. हटराइट धुळीने हे संरक्षण दिलं नाही. जंतूंची चाहूल घेणारी जन्मजात प्रतिकारयंत्रणा ज्या उंदरांत बंद पाडली होती, त्यांच्यात अमिश धूळही निष्प्रभ ठरली. गोठ्यातल्या जंतूंचे अंश या यंत्रणेला सतत हलकेच जागं ठेवतात, असा याचा अर्थ लागतो.

हे वाचून आपल्याकडचे एखादे आजोबा म्हणतील, ‘बघा, आम्ही शेणामातीत वाढलो!’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सावधपणे घ्यावं असं. त्याच घरातल्या चुलीचा धूर मुलांच्या फुप्फुसांना अपायच करतो. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, तेव्हा ते उकळूनच द्यावं. आणि लसींना दोष देणाऱ्यांनी अमिश-हटराइटांची तुलना पुन्हा एकदा वाचावी.

गोठ्यातल्या धुळीचं औषध अजून कुठल्याही दुकानात मिळत नाही. दमा झालेल्या मुलासाठी आज भरवशाचा आहे तो डॉक्टरांनी दिलेला पंप. ‘पंपाची सवय लागते’ या ऐकीव भीतीने तो परस्पर बंद करू नका.