अंतरपाट आणि ऑटोफोकस

मंगलाष्टकं संपत आली की भटजींचा आवाज चढतो, सनईवाला सनई तोंडाशी धरून थांबतो, मुठीतल्या अक्षता घामाने ओल्या होतात. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट बाजूला होतो आणि नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. हे बघणं फार तर दोन सेकंद टिकतं. मग हार, मग टाळ्या, मग गर्दी. लग्नाच्या फोटोग्राफरला दिवसभराचे पैसे देतात, पण त्याला बोलावलेलं असतं ते या दोन सेकंदांसाठी, असं मी इतक्या वर्षांनंतर ठामपणे मानतो.

धंद्याच्या सुरुवातीला एका लग्नात हे दोन सेकंद माझ्या हातून गेले. मी नवऱ्याच्या खांद्यामागे, नवरीचा चेहरा दिसेल असा उभा होतो. समोर पांढरंशुभ्र कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. बटण अर्धं दाबून मी तयार होतो आणि कॅमेऱ्याने स्वस्तिकावर फोकस लावून ठेवला होता. अंतरपाट हटला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबत गेलो. लेन्सची मोटर पुढे-मागे घरघरत राहिली. सहा फ्रेम आल्या. त्यात हवेतले तांदळाचे दाणे एकेक मोजता येतील इतके शार्प होते आणि त्यांच्या मागे नवरीचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा. अल्बम बघताना नवरीच्या आईने विचारलं, “दादा, हा एवढाच असा का आला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधताना मी ऑटोफोकस या यंत्राच्या मागे लागलो. व्यावसायिक कामाला तो पुरेसा आहे का, हा प्रश्न आजही नवी मुलं कॅमेरा घेण्याआधी मला विचारतात. त्यासाठी आधी हे यंत्र नेमकं काय करतं ते बघायला हवं.

फोकस म्हणजे लेन्समधली काच अशा जागी आणणं की हव्या त्या अंतरावरची वस्तू सेन्सरवर रेखीव उमटेल. चुकायला जागा किती असते याचा हिशेब सोपा आहे. ८५ मिमीची लेन्स, एफ १.४ अ‍ॅपर्चर, समोर दोन मीटरवर माणूस. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव दिसणारी खोली, मिळते साधारण साडेचार सेंटीमीटर. फोकस डोळ्यावर लागला तर कान सुटतो. पूर्वी हे काम डोळा आणि बोटं करत. लेन्सची रिंग फिरवत पळत्या खेळाडूला फोकसमध्ये धरून ठेवणं ही खेळाच्या फोटोग्राफरची आयुष्यभराची कमाई असायची.

ती कमाई यंत्रात आणण्याचे प्रयत्न सत्तरच्या दशकात फळाला आले. १९७७ साली आलेला कोनिका सी ३५ एएफ हा मोठ्या संख्येने बनलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्यात अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा भाग बसवलेला होता. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून तो अंतर ठरवायचा. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने ध्वनिलहरींवर चालणारा फोकस आणला. वटवाघूळ अंतर ओळखतं तसा तो ओळखायचा. अंधारातही चालायचा, पण खिडकीच्या काचेआड कोणी असेल तर आवाज काचेवरूनच परतायचा आणि फोकस काचेवर लागायचा. माझ्या अंतरपाटाची गोष्टही याच जातीची.

१९८१ साली पेन्टॅक्सच्या एमई-एफने आणि १९८३ साली निकॉनच्या एफ३एएफने ही सोय एसएलआर कॅमेऱ्यात आणून बघितली. लेन्सेस मोजक्या, बोजड आणि सावकाश होत्या, त्यामुळे व्यावसायिकांनी त्यांच्याकडे पाठच फिरवली. चित्र पालटलं १९८५ साली, मिनोल्टा ७००० आला तेव्हा. फोकस ओळखणारा सेन्सर आणि लेन्स फिरवणारी मोटर दोन्ही बॉडीतच, आणि सोबत लेन्सेसची आख्खी नवी मालिका. बाजाराने तो उचलून धरला. पुढे हनीवेलने पेटंटवरून मिनोल्टाला अमेरिकेतल्या कोर्टात खेचलं. १९९२ साली निकाल विरोधात गेला आणि मिनोल्टाने पावणेतेरा कोटी डॉलर भरून तडजोड केली. फोकस लावण्याच्या युक्तीला जगाने किती किंमत दिली, ते या आकड्यात दिसतं.

कॅननने याहून मोठी उडी मारली. १९८७ साली ईओएस ६५० आणताना कंपनीने आपला जुना एफडी माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी, सोडून दिला. मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली, बॉडी आणि लेन्स यांच्यात फक्त विजेचे संपर्कबिंदू ठेवले. ज्यांच्या कपाटात एफडीच्या महागड्या लेन्सेस होत्या, त्यांना हा मोठाच धक्का होता. निकॉनने १९५९ पासूनचा माउंट जपला आणि सुरुवातीला मोटर बॉडीत ठेवली. पण पुढच्या काही वर्षांत मैदानाच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सेसची रांग दिसू लागली. व्यावसायिकांचा कौल ऑटोफोकसच्या बाजूने पडल्याची ती खूण होती.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. एक बोट नाकासमोर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. बोट सरकल्यासारखं वाटतं. फेज डिटेक्शनचं तत्त्व हेच. लेन्सच्या दोन कडांतून येणारा प्रकाश वेगवेगळा घेऊन दोन छोट्या प्रतिमा बनवतात. फोकस चुकला असेल तर त्या एकमेकींजवळ येतात किंवा लांब जातात. कोणत्या बाजूला सरकल्या त्यावरून दिशा कळते, किती सरकल्या त्यावरून अंतर. लेन्स थेट तिथे जाऊन थांबते. दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची. ती जुन्या रेडिओच्या काट्यासारखी चालते. स्टेशन ओलांडून पुढे गेल्याशिवाय ते मागे राहिलं हे कळत नाही, म्हणून काटा परत आणावा लागतो. ही पद्धत अचूक, पण चंचल विषयासमोर ती कमी पडते.

दोन प्रतिमा जुळवायच्या तर त्यांत काहीतरी जुळवण्याजोगं हवं. एखादी रेघ, कड, नक्षी. कोऱ्या पांढऱ्या कापडावर जुळवायला काहीच नसतं. माझ्या कॅमेऱ्याला त्या कापडावर एकच गोष्ट दिसत होती, कुंकवाचं स्वस्तिक. त्याने यंत्र म्हणून काम चोख केलं होतं. त्याला काय दिसणार हे मी आधी ओळखायला हवं होतं.

डीएसएलआरच्या काळात आणखी एक दुखणं होतं. व्ह्यूफाइंडरकडे प्रकाश वळवणाऱ्या मोठ्या आरशामागे एक छोटा आरसा असायचा. तो थोडा प्रकाश खाली, फोकसच्या सेन्सरकडे पाठवायचा. फोटो मात्र दुसऱ्याच सेन्सरवर उमटायचा. हे दोन रस्ते केसभर जरी लहान-मोठे झाले तरी फोकस पुढे किंवा मागे लागायचा. नवी लेन्स आली की मी टेबलावर तीन पेन्सिल सेल तिरक्या ओळीत उभे करायचो, मधल्यावर फोकस लावायचो आणि संगणकावर बघायचो की अक्षरं नेमक्या कोणत्या सेलवरची वाचता येतात. २००७ पासून वरच्या वर्गातल्या बॉडीत हा फरक दुरुस्त करण्याची सोय आली. त्याच वर्षी कॅननच्या ईओएस १डी मार्क ३ या खास व्यावसायिकांसाठी बनवलेल्या कॅमेऱ्याच्या फोकसबद्दल तक्रारी आल्या आणि त्या छोट्या आरशाची रचना कंपनीला मोफत दुरुस्त करून द्यावी लागली. किंमत आणि नाव मोठं असलं तरी यंत्र स्वतः तपासूनच कामाला न्यावं, हा धडा मी तेव्हा घेतला.

चालत्या विषयाचं गणित आणखी कठीण. वारीत बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने येतोय असं धरा. आरसा उचलून शटर उघडायला सेकंदाचा विसावा भाग जरी गेला, तरी तेवढ्यात अश्व अर्ध्या मीटरहून जास्त पुढे आलेला असतो. २०० मिमी लेन्सला एफ २.८ वर, दहा मीटरवर डेप्थ मिळते सुमारे ४० सेंटीमीटर. म्हणजे बटण दाबताना बरोबर असलेला फोकस फोटो उमटताना चुकलेला असणार. म्हणून ट्रॅकिंग करणारा कॅमेरा घोडा आत्ता कुठे आहे याच्या पुढे जाऊन, क्षणभराने तो कुठे असेल याचा अंदाज बांधतो. पूर्वी हा अंदाज माणूस सरावाने बांधायचा.

आरसाच काढून टाकल्यावर मोठी झेप आली. फोकस ओळखणारे बिंदू फोटोच्या सेन्सरवरच बसवले, त्यामुळे दोन रस्त्यांचा प्रश्न मिटला. त्याआधी २०१३ साली कॅननने आरसा असलेल्या ईओएस ७०डीमध्येही, स्क्रीनवर बघून फोटो काढताना, सेन्सरवरचे पिक्सेल दोन-दोन भागांत विभागून फोकससाठी वापरले होते. २०१७ साली सोनीचा ए९ आला. त्यात ६९३ बिंदू, सेकंदाला २० फ्रेम आणि फोकसची ६० वेळा गणती. २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. याच काळात कॅमेरे चेहरा, चेहऱ्यातला डोळा, पक्षी, प्राणी ओळखायला शिकले. ईओएस आर ६ चा फोकस एफ १.२ लेन्सवर उणे ६.५ ईव्ही इतक्या अंधुक उजेडापर्यंत चालतो असं कॅनन सांगते. पौर्णिमेच्या चांदण्यातला उजेड याच्या कितीतरी पट जास्त असतो.

मग पुरेसा आहे का? खेळ, पक्षी, लग्न, बातमी, या सगळ्या कामांत आजच्या मधल्या किमतीच्या कॅमेऱ्याचा फोकसही पंधरा वर्षांपूर्वीच्या माझ्या हातापेक्षा आणि तेव्हाच्या बऱ्याच महागड्या बॉडींपेक्षा भरवशाचा आहे. हे मी मनापासून सांगतो. पण भरवसा ठेवायचा तर तो कुठे मोडतो हेही माहीत हवं. ज्याचं चुकणं आधी ओळखता येतं, तेच यंत्र धंद्याला पुरेसं.

माझ्या कामात तो कुठे चुकतो? नवरीच्या मुंडावळ्या गालांवर रुळतात. ती किंचित मान वळवते, मोत्यांची सर डोळ्यापुढे येते आणि मघाच्या साडेचार सेंटीमीटरमधले दोन-तीन मोत्यांकडे जातात. पापणी शार्प हवी असताना मोती शार्प येतात. अशा वेळी मी अ‍ॅपर्चर एफ २.८ पर्यंत बंद करतो. ढोल-ताशाच्या पथकात गुलाल उधळला की हवेलाच आकार येतो आणि फोकस त्या ढगावर अडतो. ताडोब्यात वाघ बांबूच्या जाळीमागे बसलेला असेल तर कॅमेरा आधी बांबू पकडतो. तिथे एकच छोटा बिंदू निवडावा नाहीतर रिंगला हात घालावा. ताऱ्यांचे फोटो, दागिन्यांचं जवळून केलेलं काम यांत मी आजही स्क्रीनवर चित्र मोठं करून हातानेच फोकस लावतो.

आणि एक चूक अशी आहे की जिथे यंत्र बरोबर असूनही फोटो चुकतो. कन्यादानाच्या वेळी चौकटीत पाच-सहा चेहरे असतात. कॅमेरा बहुतेक वेळा जवळचा, मोठा, समोर वळलेला चेहरा उचलतो, म्हणजे नवरा. पण त्या क्षणी बघायचं असतं मान खाली घालून पाण्याची धार धरणाऱ्या बापाकडे. त्याचे डोळे मिटलेले, चेहरा अर्धा वळलेला. तो चौकोन बापाच्या चेहऱ्यावर नेणं हे आता माझ्या अंगठ्याचं काम आहे. रिंग फिरवणाऱ्या बोटांचा सराव संपला आणि कोणाकडे बघायचं ते कॅमेऱ्याला वेळेत सांगण्याचा सराव सुरू झाला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले दोन महिने हेच करायला लावतो.

अंतरपाटाचं उत्तर मला त्यातूनच मिळालं. फोकसचं काम मी शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर दिलं आहे. अंगठा फोकस लावतो, तर्जनी फोटो काढते. अंतरपाट धरण्याआधी नवरी पाटावर उभी राहते, तेव्हाच मी तिच्या डोळ्यावर फोकस लावतो आणि अंगठा उचलतो. ती पाटावर आहे, मी माझ्या जागेवर, म्हणजे अंतर बदलत नाही. मग मधे कापड येऊ दे, स्वस्तिक येऊ दे, अक्षता उडू देत. लेन्स त्या अंतरावर तशीच थांबून असते.

गेल्या हिवाळ्यातल्या एका लग्नात तसंच केलं. शेवटचं ‘सावधान’ झालं, कापड बाजूला झालं आणि मी तर्जनी दाबली. पहिली फ्रेम निघाल्यावर अंगठाही खाली नेला. डोळ्यावरचा छोटा चौकोन लगेच लागला आणि ती हसून मान झुकवेपर्यंत सुटला नाही. पंधरा फ्रेम आल्या. पहिलीचा फोकस मी लावलेला, पुढच्या चौदांचा कॅमेऱ्याने. घरी येऊन एकेक मोठी करून पाहिली. पंधराही शार्प होत्या. नजरेची पहिली भेट पहिल्याच फ्रेममध्ये होती. अल्बमच्या मधल्या पानावर तीच लावली.