फेरफार महसुलाकडे, मालकी दिवाणीकडे

चाकण परिसरात कारखाने आले, जमिनीचे मोल वाढले आणि वारसांचे तंटेही. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागलेच नाही, तर दाद कोठे मागावी? मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या फेरफारावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये त्याची मुदत ६० दिवसांची आहे. विलंबास सबळ कारण दाखविल्यास तो क्षमापित होऊ शकतो.

मात्र प्रांताधिकारी मालकी ठरवीत नाहीत. येथेच अनेकांची गल्लत होते. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. हिस्सा ठरवून घेण्यास दिवाणी दावाच लावावा लागतो; चाकण खेड तालुक्यात असल्याने तो राजगुरुनगरच्या न्यायालयात. कनिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येते. दरम्यान भावाने जमीन विकू नये, यासाठीचा मनाईहुकूमही दिवाणी न्यायालयातच मागावयाचा असतो.